सर सोडत नाहीत

"मुलाला शाळेत सोडता, की टाकता?"

सकाळी सात-दहाला, एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात पोराचं दप्तर असताना जिन्यात हा प्रश्न आला, की समजावं, आपल्याही इमारतीत निवृत्त इंग्रजीचे सर राहतात. आपण बेसावधपणे "याला ड्रॉप करून येतो" म्हणून गेलेलो असतो. सर पायरीवर आडवे. "ड्रॉप म्हणजे टाकणं. शाळेत तर त्याला तुम्ही तीन वर्षांपूर्वीच टाकलंत. आता रोज रोज काय टाकता?" पोरगं तीन पायऱ्या खाली उभं राहून खुशीत ऐकत असतं. प्रार्थना बुडत असते.

सर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले आणि रेन अँड मार्टिनवर पिकलेले. त्यांचं दुःख एकच, की मराठी माणूस एका 'सोडणे'वर सगळा संसार उरकतो. उपास सोडतो, नाद सोडतो, सुस्कारा सोडतो, नळाला पाणी सोडतो, कट्ट्यावर पुड्याही सोडतो. इंग्रजाकडे दर सुटकेला वेगळं क्रियापद, आणि ते चुकीच्या जागी पडलं की सरांच्या पोटात कळ येते. खुद्द इंग्रजीनेच एका शब्दावर भागवलं, तर त्याहून मोठी. खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की पेपर घेऊन ते थेट पार्किंगमध्ये. "धरणाला डिस्चार्ज, पेशंटला डिस्चार्ज, बॅटरीही डिस्चार्ज! पेशंट बरा होऊन घरी जातो, बॅटरी मरते, खालच्या पुलावर पाणी येतं. शब्द तोच!" यावर काय म्हणायचं असतं, ते वॉचमनला अजून कळलेलं नाही. तो बिचारा सलाम करतो.

ऑगस्टमध्ये त्यांचा एक ठेवणीतला विनोद असतो. 1942 साली गवालिया टँकवर 'क्विट इंडिया'ची हाक दिली गेली, हे बरं झालं. 'लीव्ह' म्हटलं असतं, तर साहेब रजा टाकून गेला असता आणि रजा संपल्यावर परत हजर! या विनोदाला मी अकरा वर्षं हसतोय.

'लीव्ह' हा त्यांचा खास प्रांत. घर भाड्याने देणाऱ्याला ते आधी अर्ध्या तासात पटवून देतात की 'लीव्ह अँड लायसन्स'मधला लीव्ह घर सोडण्याचा नव्हे, परवानगीचा. मूळचे हे दोन वेगळे शब्द, पुढे रूप एक झालं. ऑफिसातली लीव्ह यातल्या परवानगीच्या घराण्यातली. आपली 'रजा'ही अरबीतून आली ती संमती हा अर्थ घेऊनच. हे मला आवडलं, कबूल करतो. फक्त ते ऐकताना माझी लोकल गेली.

पण खरा प्रसंग वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेल्या. टॅक्सी खाली, डिंकाचे लाडू बॅगेत, बॅगेच्या चेनवर काका बसलेले. निरोपाला आलेल्या सरांनी पासपोर्ट मागितला. रीत फोटो बघण्याची असते. सरांनी मजकुरावर बोट ठेवलं. "हे बघा, राष्ट्रपतींच्या नावाने लिहिलंय, धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं. लेट म्हणजे जाऊ देणं ना? मग जाऊ न देता जाऊ द्या, असं कसं?"

काकूंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, व्हिसात काही चुकलं.

"घाबरू नका. हा जुना लेट. याचा अर्थ अडथळा! टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून गेली की पंच ओरडतो, तो हाच. भुतामागे निघालेला हॅम्लेट, अडवणाऱ्या मित्रांना दम देताना हाच शब्द..."

"सर, मला लेट होतंय हो!"

"वा! हा तिसरा! पण याचं स्पेलिंग..."

पासपोर्ट त्यांच्या बोटांतून काकांनी सोडवून घेतला. त्या क्रियेला इंग्रजीत नेमकं काय म्हणतात, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

सरांनाही एकदाच टोला बसला. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, लिव्हिंग सर्टिफिकेट आणलंत?" सर म्हणाले, "बाळ, ते शाळा सोडल्याचं. मी अजून जगतोय, त्याला लाइफ सर्टिफिकेट म्हणतात." मागच्या रांगेतून आवाज आला, "दोन्ही देऊन टाका, पण काउंटर सोडा!"

परवा मी त्यांना गाठलं. म्हणजे त्यांनी मला. पाऊण तासाने उठताना ते म्हणाले, "चला, येतो." मी विचारलं, "सर, याचं इंग्रजी काय? आपण निघतो आणि 'येतो' म्हणतो. लीव्ह बसेना, 'आय ॲम कमिंग' म्हणावं तर साहेब खुर्ची पुढे करेल."

सर दारात थांबले. चपलेत एक पाय, दुसरा उंबऱ्यावर. ओठ दोनदा हलले. मग काही न बोलता जिना उतरून गेले.

रात्री साडेदहाला बेल वाजली. हातात जाडजूड डिक्शनरी, मध्ये चार ठिकाणी वर्तमानपत्राच्या पट्ट्या.

"आलो," सर म्हणाले.