विशेषणाची मर्जी

इंग्रजी विशेषण वाक्यात नेहमी एकटेच येते असे नाही. नामाचा गुण सांगणे एवढेच त्याचे काम असले, तरी ‘अफ्रेड’, ‘फाँड’, ‘कॅपेबल’ यांसारखी कित्येक विशेषणे आपल्या पाठोपाठ एक प्रेपोझिशन, म्हणजे नामाच्या आधी येऊन संबंध दाखवणारे अव्यय, आणि त्याच्याही पाठोपाठ एक नामपदबंध, म्हणजे मुख्य नाम व त्याचे सर्व आश्रित, असा लवाजमा घेऊनच येतात. कोणाला कोणते प्रेपोझिशन लागेल हे अर्थावरून ताडता येईलच असे नाही. भीतीला ‘ऑफ’ लागते, विवाहिताला ‘टु’ लागते, आणि रागाला, तो माणसावर असेल तर ‘विथ’ आणि एखाद्या गोष्टीबद्दल असेल तर ‘अबाउट’. या व्यवस्थेची कारणे विचारणे हा पुणे शहराचा जुना उद्योग असून, कारण मिळाले तरी ते पटू न देणे हा त्याचा जोडधंदा आहे.

या उद्योगाला परंपरा आहे. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, हे चिपळूणकरांच्या नावावर सांगितले जाणारे वचन तेव्हापासून शहराने मनोभावे जपले, आणि ते दूध पचल्यावरही प्रेपोझिशने तेवढी घशाशी का अडकतात याचा विचार पुढील पिढ्यांवर सोपवला. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहून वाक्य फोडून पाहण्याची इंग्रजी पद्धत मराठीला लावली. आगरकरांची सामाजिक मते पचवायला शहराला बराच अवधी लागला. वाक्ये फोडण्यास मात्र कोणाची हरकत नव्हती, कारण त्यात वाक्याखेरीज कोणाचे काही फुटत नव्हते.

पुढे रेन आणि मार्टिन या जोडीचे व्याकरण आले, जे अप्पा बळवंत चौकातील दुकानांत आजही मागितल्याबरोबर मिळते. त्यात ‘टु’ लागणारी विशेषणे एका यादीत, ‘ऑफ’ लागणारी दुसऱ्या यादीत, अशी वर्णानुक्रमे मांडणी आहे आणि कारणमीमांसेचा विद्यार्थ्याला त्रास दिलेला नाही. यांपैकी पर्सिव्हल रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि १९२४ साली त्यांनीच ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहिली, जिच्यात तीन भाऊ घरदार सोडून सहाराच्या वाळवंटात परक्या फौजेत भरती होतात. त्या याद्या पाठ करणाऱ्या मुलांच्या मनातही साधारण हाच विचार येत असल्याने, दोन्ही पुस्तके एकाच हातची आहेत हे ऐकून कोणाला फारसे नवल वाटत नाही.

पुणेरी इंग्रजीत या बाबतीत ज्या चुका होतात, त्या अज्ञानातून होतात असे समजणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांतील जवळजवळ प्रत्येक चूक हे शुद्ध मराठी असते. राग माणसावर येतो म्हणून ‘अँग्री ऑन’, लग्न मुलीशी होते म्हणून ‘मॅरीड विथ’, डबा लाडवांनी भरतो म्हणून ‘फुल विथ’, आणि एखादा आपल्यापेक्षा वरचढ असतो म्हणून ‘सुपीरियर दॅन’. शेवटच्या शब्दाला ‘टु’ लागते, कारण सुपीरियर, इन्फीरियर, सीनियर, ज्युनियर ही मंडळी लॅटिन घराण्यातून येताना आपले वेगळे रीतिरिवाज घेऊन आली. आपल्यापेक्षा वरचढ कोणी आहे हे वाक्य पुण्यात क्वचितच लागत असल्यामुळे या चुकीने मात्र कोणाचे फारसे अडले नाही.

‘अँग्री ऑन’ बिनदिक्कत म्हणणारा हाच गृहस्थ, कोणी ‘तो मला बोलला’ असे म्हटले की चहाचा कप खाली ठेवतो, आणि ‘मला म्हणाला’ किंवा ‘माझ्याशी बोलला’ असे दोन शुद्ध पर्याय समोरच्याच्या हाती देऊन मगच कप पुन्हा उचलतो. मराठी शब्दांच्या मर्जीला त्याने कधी कारण विचारलेले नसते. माणूस शिक्षेला पात्र होतो, अपघाताला जबाबदार असतो, थापा मारण्यात पटाईत असतो आणि अपयशाने खचलेला असतो. कुत्र्याला घाबरायचे, पण कुत्र्यापासून सावध राहायचे. राग आणि प्रेम यांचा स्वभाव परस्परविरुद्ध असूनही दोन्ही माणसावरच करायचे. ही सर्व व्यवस्था त्याला निसर्गनियमासारखी वाटते आणि इंग्रजांची तेवढी लहर वाटते.

संस्कृतच्या बाबतीत तर तो तक्रार करण्याचे धाडसही करत नाही. एखाद्या विशिष्ट शब्दाच्या योगाने नामाला जी ठरावीक विभक्ती लागते, तिला उपपद विभक्ती म्हणतात, आणि पाणिनीने तिचे नियम सूत्रांत बांधून ठेवले आहेत. साधू आणि निपुण या दोन विशेषणांच्या योगात, प्रशंसा अभिप्रेत असेल तर, सप्तमी येते असे त्याचे एक सूत्रच आहे. म्हणजे आईशी चांगले वागणाऱ्याची स्तुती करताना आई सप्तमीत बसते. हे सारे दहावीचा विद्यार्थी मुकाट्याने पाठ करतो, कारण संस्कृतात गुण पैकीच्या पैकी पडतात, आणि जेथे गुण पडतात तेथे शास्त्र असते यावर सदाशिव पेठेचे एकमत आहे.

पाणिनीला जे सूत्रात सांगावे लागले, ते इंग्रजी भाषा ‘गुड’ या एका विशेषणावर करून दाखवते. कौशल्य सांगायचे तर ‘गुड ॲट’, वागणूक सांगायची तर ‘गुड टु’, कोणाशी जमते ते सांगायचे तर ‘गुड विथ’ आणि उपयोग सांगायचा तर ‘गुड फॉर’. या चारही प्रकारांचे सोदाहरण विवेचन लग्नाच्या बाजारात सापडते. मुलाच्या बायोडेटात त्याची आई तो ‘गुड ॲट कुकिंग, गुड टु पेरेंट्स अँड गुड विथ चिल्ड्रेन’ असल्याचे लिहिते, आणि चौथा प्रकार, म्हणजे ‘गुड फॉर नथिंग’, हा लग्नानंतर सून स्वतःच्या अनुभवाने भरून काढते.

खरा स्वभावभेद दिसतो तो नामपदबंधाच्या जागेवरून. इंग्रजी वक्ता ‘अफ्रेड ऑफ’ म्हणून आधी भीती जाहीर करतो आणि मग कोणाची, हे सवडीने सांगतो. मराठीत संबंध दाखवणारा प्रत्यय शेवटी लागतो आणि तो लागण्यासाठी नामालाही सामान्यरूप, म्हणजे बदललेले रूप, धारण करावे लागते. त्यामुळे ‘तळमजल्यावरच्या वाडामालकांच्या त्या काळ्या कुत्र्या...’ इथपर्यंत वाक्य आले, तरी त्या कुत्र्याला घाबरायचे आहे, त्याच्यावर जीव टाकायचा आहे की त्याच्याविरुद्ध महापालिकेत अर्ज करायचा आहे, हे ठरलेले नसते. मराठी वाक्य समजण्यासाठी ते शेवटपर्यंत ऐकावे लागते. समोरच्याचे वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेण्याची रीत पुण्यात नसल्याने, या शहरातील अनेक वाद केवळ प्रत्ययाच्या अलीकडे सुरू झालेले असतात.

काही विशेषणे मात्र शहराच्या स्वभावाला आपण होऊन जुळली आहेत. ‘वर्थ’ हे त्यांतील मुख्य. त्याला प्रेपोझिशन लागतच नाही, किंमत थेट त्याच्या पुढ्यात येऊन बसते, आणि पैशाच्या व्यवहारात मधला दलाल नको हे तत्त्व ज्यांना शिकवावे लागत नाही, त्यांना या शब्दाचा प्रयोगही शिकवावा लागत नाही. दुसरे विशेषण ‘डिफरंट’. याला शाळेत ‘फ्रॉम’ लावायला शिकवतात, इंग्लंडात पुष्कळ लोक ‘टु’ लावतात आणि अमेरिकेत ‘दॅन’ही सर्रास चालते, म्हणजे ज्यांची भाषा आहे त्यांच्यातच तीन पक्ष आहेत. पोराने लंडनहून ‘टु’ आणावे, पोरीने न्यू जर्सीहून ‘दॅन’ आणावे आणि शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी ‘फ्रॉम’ सोडू नये, अशी बैठक पुण्यातील दिवाणखान्यांत दिवाळीच्या सुमारास जमू शकते. तिच्यात यजमान पुणेकर तिघांनाही मध्येच थांबवतो, तिघांचेही चुकते असा निकाल देतो, आणि मग बरोबर काय, असे कोणी विचारलेच, तर ते ज्याचे त्याने शोधावे असे सांगून फराळाच्या ताटाकडे वळतो.