डीबीसाहेब

मॉलमध्ये बहुतेक माणसं मोबाइलमध्ये बघत चालतात, उरलेली दुकानांत बघत चालतात. एखादाच छताकडे बघत चालतो. त्याच्या गळ्यात तीन-चार ओळखपत्रं लटकत असतात, पण आजच्या तारखेचं त्यांत एकही नसतं. म्हणून सिक्युरिटीवाला त्याला दर दारावर अडवतो. पाठीवरच्या सॅकमध्ये सगळ्यात खाली जेवणाचा डबा आणि त्याच्यावर पाने, हॅकसॉ, टेपची भेंडोळी, केबल टायचे जुडगे असा सगळा संसार भरलेला असतो. डब्यापर्यंत हात पोचेस्तोवर दुपारचे चार वाजतात. हा आयबीएसवाला. इन-बिल्डिंग सोल्युशन नावाचं जे प्रकरण असतं, म्हणजे इमारतीच्या आत मोबाइलची रेंज आणून सोडायची यंत्रणा, ती बसवणारा माणूस.

लोअर परळपासून हिंजवडीपर्यंत जिथे जिथे काचेची इमारत उभी राहते, तिथे तिथे त्याला बोलावणं जातं. फक्त केव्हा जातं, ते ऐका. फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर, रंगाचा शेवटचा हात फिरल्यावर, उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्यावर. पाहुणे आत येतात, फोन कानाला लावतात आणि ‘हॅलो, हॅलो’ करत पुन्हा बाहेर जातात. उन्हाचा ताप आत येऊ नये म्हणून जी महागडी काच बसवलेली असते तिच्यावर धातूचा पातळ थर असतो, आणि त्या थराला ऊन कोणतं आणि टॉवरचा सिग्नल कोणता हे कळत नाही. तो दोघांनाही बाहेर उभं करतो. तळघरातल्या पार्किंगची तर बातच सोडा. तिथे यूपीआयने पन्नास रुपये द्यायला लोक रॅम्पवरून अर्धी चढण चढून येतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘अरे, त्या रेंजवाल्याला बोलवा.’

आमच्या ऑफिसच्या इमारतीत जे गृहस्थ आले त्यांचं खरं नाव मला अजून ठाऊक नाही. सगळे त्यांना डीबीसाहेब म्हणतात. वॉचमनने तर रजिस्टरात ‘डी. बी.’ असं आद्याक्षरांसारखं टिंबं देऊन लिहिलंय. डीबी म्हणजे डेसिबल. तुम्हाआम्हाला डेसिबल म्हटलं की गणपतीतला डीजे आठवतो, यांना केबल आठवते. हिशोब सोपा आहे: तीन डीबी गेले की ताकद निम्मी, दहा गेले की एक दशांश. हा हिशोब त्यांच्या अंगात इतका भिनलाय की घरून दोन भाज्या आणायला सांगितल्या आणि एक विसरली, तर ते घरी जाऊन ‘तीन डीबी लॉस झाला’ असं सांगतात. पुतण्याच्या साखरपुड्याला शंभर माणसं बोलावली होती आणि पावसामुळे दहाच आली. ‘दहा डीबी!’ एवढंच बोलून ते जेवायला बसले.

त्यांची दुसरी मोजपट्टी म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर. केबलमध्ये पाठवलेली ताकद सगळी पुढे गेली, काहीच परत आलं नाही, तर हा आकडा एक. दीडपर्यंत चालतं, कारण दीडला शंभरातले चारच भाग परत येतात. तीन झाला तर पंचवीस. डीबीसाहेब ज्या ठेकेदाराकडे आहेत त्याच्या ऑफिसात ते प्रवासखर्चाची बिलं पाठवतात आणि त्यांतली बरीचशी ‘सही नाही’, ‘शिक्का पुसट’ असे शेरे घेऊन परत येतात. ‘अकाउंट्सचा व्हीएसडब्ल्यूआर तीनच्या वर आहे,’ असं ते अतिशय गंभीरपणे सांगतात, ‘कनेक्टर तपासायला पाहिजे.’

यंत्रणा समजून घ्यायची असेल तर त्यांना चहाच्या टपरीवर गाठावं. तळघरातल्या एका खोलीत मोबाइल कंपन्यांचे रेडिओ असतात. तिथून वीस-वीस, चाळीस-चाळीस वॅट निघतात ते पीओआय नावाच्या डब्यात एकत्र येतात. (बाहेरच्या होर्डिंगवर एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या कंपन्या या डब्यात एकत्र येऊन एकाच केबलने वर जातात. डीबीसाहेबांना याचं भारी कौतुक आहे.) ती केबल शाफ्टमधून चढते आणि मजल्यामजल्यावर फुटत फुटत शेवटी सीलिंगला उलट्या वाटीसारख्या लटकणाऱ्या पांढऱ्या अँटेनांत संपते. आता फोडायची कशी, ही खरी कला. सारखे वाटे करायचे तर स्प्लिटर. दोन वाटे केले की प्रत्येकाला तीन डीबी कमी, चार केले की सहा. पण दहा मजले असले की नुसत्या स्प्लिटरने भागत नाही. तिथे कपलर लागतो, आणि कपलरवर आले की डीबीसाहेब पंगतीवर येतात.

‘वाढपी श्रीखंड घेऊन निघाला,’ ते बशीत चहा ओतत म्हणतात, ‘आणि पहिल्याच पाटावर डाव पालथा केला, तर शेवटच्या पाटाला काय? नुसती पुरी! म्हणून पहिल्या मजल्याला वीस डीबीचा कपलर. म्हणजे बोटाला लावून चाटण्यापुरतं. पुढे पंधरा, मग दहा, मग सात. शेवटच्या दोघांना स्प्लिटर, जे उरलं ते निम्मं निम्मं. आणि जेवून उठल्यावर सगळ्यांच्या पोटात सारखंच.’ एवढं होईपर्यंत चहा निवतो.

जिथे अँटेना लावायचा नाही पण तोंड उघडं राहिलंय, तिथे ते पन्नास ओहमचा डमी लोड फिरवून बसवतात. पितळेची जेमतेम अंगठ्याएवढी वस्तू. तिच्यात जे जाईल ते ती गिळते, किंचित गरम होते आणि काहीही परत पाठवत नाही. ‘प्रत्येक मीटिंगमध्ये असा एक तरी बसवलेला असतो,’ असं डीबीसाहेबांचं निरीक्षण. आमच्या मजल्यावरच्या दोघातिघांकडे त्यांनी तेव्हा पाहिलं नाही, हा त्यांचा सभ्यपणा.

केबलवर मात्र त्यांचं मनापासून प्रेम आहे. अर्ध्या इंचाची काळी फीडर केबल. वरून साधी, पण सोलली की आत तांब्याचं वळ्यावळ्यांचं कवच, त्याच्या आत पांढरा फोम आणि गाभ्यात तांबं चढवलेली अ‍ॅल्युमिनियमची कांडी. शंभर मीटर गेलात की ९०० मेगाहर्ट्झला सातेक डीबी खाते, २१०० ला अकराच्या आसपास. तिला पोरांनी काटकोनात वळवलेलं त्यांना खपत नाही. आतलं कवच चेपलं की सिग्नल तिथूनच मागे फिरतो. कनेक्टर बनवताना ते पोराला केबलचं तोंड जमिनीकडे करून कापायला लावतात, म्हणजे तांब्याचा भुगा आत न जाता खाली पडेल. मग ब्रशने घासायचं, बोटाने चाचपायचं, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचं आणि मगच नट फिरवायचा, तोही टॉर्क पान्याने, ‘टक’ असा आवाज येईपर्यंत. पोरगं बीडचं, अठरा-एकोणीस वर्षांचं. ‘काका, एवढ्या भुग्यानं काय होतंय?’ असं त्याने एकदाच विचारलं. त्यानंतर त्याला पिमवर पाऊण तास ऐकावं लागलं.

पिम हा डीबीसाहेबांचा जन्माचा वैरी. दोन वेगवेगळ्या लहरी एखाद्या सैल किंवा गंजक्या जोडातून गेल्या की त्यांच्या मिसळणीतून तिसरीच लहर जन्माला येते, आणि ती नेमकी फोनकडून येणाऱ्या क्षीण आवाजावर जाऊन बसते. जोड केबलचाच असायला हवा असंही नाही. अँटेनाजवळच्या सीलिंगचा एखादा गंजलेला बोल्टसुद्धा हा उद्योग करतो. म्हणून रात्री दोन वाजता, मॉल बंद असताना, हे गृहस्थ घोडीवर चढून वीस-वीस वॅटचे दोन सिग्नल सोडतात आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकेक कनेक्टर ठोकत जातात. ठोकल्यावर मीटरचा काटा दचकला की चोर सापडला. खाली उभ्या वॉचमनचा पक्का समज आहे की साहेब सीलिंगमध्ये उंदीर शोधताहेत.

काम झाल्यावर वॉक टेस्ट. हातात फोन धरून ते संथ पावलांनी सगळा मजला पालथा घालतात: पँट्री, कॉन्फरन्स रूम, लिफ्टचं दार, अगदी स्वच्छतागृहसुद्धा, कारण सगळ्यात जास्त फोन तिथेच वापरला जातो असा त्यांचा अनुभव. आमच्या फॅसिलिटी मॅनेजरने त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

‘मायनस पंच्याऐंशी? डीबीसाहेब, एवढा खर्च करून लॉसमध्येच?’

‘साहेब, इथे सगळेच मायनसमध्ये असतात. मायनस पंच्याऐंशी म्हणजे झकास. मायनस एकशे पंधरा म्हणजे वाट लागली.’

‘मग प्लसमध्ये कधी येणार?’

‘कधीच नाही येत.’

मॅनेजरने वर जो रिपोर्ट पाठवला त्यात ‘काम समाधानकारक, तथापि आकडे सुधारण्यास वाव’ असं लिहिलं होतं. फोनवरच्या दांड्यांवर मात्र डीबीसाहेबांचा काडीचा विश्वास नाही. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. दांड्या बघून भांडायला येणाऱ्याला ते आधी फोनचं मॉडेल विचारतात.

ऑफिसं परवडली, पण सोसायटी नको, असं ते म्हणतात. एका उंच सोसायटीत रेंजच नव्हती आणि सर्वसाधारण सभेत सगळे एकदिलाने कंपन्यांवर तुटून पडले होते. डीबीसाहेबांनी नकाशा उघडला, प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये एक वाटी दाखवली आणि सभेचं मत क्षणात फिरलं. रेडिएशन! एक काका उभे राहिले. ‘माझ्या दारासमोर तो अँटेना नको.’

‘काका, वाटीतून निघतात दहा मिलीवॅटच्या आसपास. तुमच्या कानाजवळचा फोन जोर लावतो तेव्हा दोनशे सोडतो. आणि रेंज नसली की तो जोरच लावतो. आपल्याकडची टॉवरची मर्यादा २०१२ च्या सप्टेंबरपासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. म्हणजे बघा, दहा डीबी...’

‘ते डीबीबिबी मला सांगू नका. वरच्या मजल्यावर लावा.’

वरच्या मजल्याने त्याच्या वरचा मजला सुचवला. असं करत करत ठराव अठराव्या मजल्यावर पोचला. तिथल्या सभासदांनी गच्चीचं नाव काढलं आणि ठराव बहुमताने मंजूर झाला. सध्या त्या सोसायटीत एका सभासदाने ऑनलाइन मागवलेला बूस्टर गुपचूप लावलाय. त्याच्या घरात दांड्या भरलेल्या आहेत आणि आजूबाजूच्या चार इमारतींतले फोन बोंबलताहेत. परवान्याशिवाय असा बूस्टर लावणं हा गुन्हा आहे. त्याचा माग काढायला सरकारी पथकं अँटेना हातात धरून फिरतात. डीबीसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात दुःख होतं असं मी म्हणणार नाही.

इंटिरियर डिझायनर हे त्यांचं दुसरं दुखणं. आमच्या लॉबीतल्या मॅडमना पांढरी वाटी सीलिंगला ‘खूप दिसते’ असं वाटलं. डीबीसाहेब म्हणाले, दिसणारच, तिला सगळे दिसावेत म्हणूनच ती तिथे लावलीय. मॅडमनी दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याकडून ती मेटॅलिक ग्रे करून घेतली. रंगात धातू, त्याखाली अँटेना. लॉबीची रेंज संध्याकाळपर्यंत पडली. डीबीसाहेबांनी नवी वाटी आणली, तर ती चक्क अ‍ॅल्युमिनियमच्या सीलिंगच्या वर ढकलण्यात आली. त्यांनी तीही खाली ओढली. हे दोन आठवडे चाललं. सगळ्यांना रेंज हवी आहे, वायर आणि वाटी मात्र कुणालाच नको आहे, आणि या दोन मागण्यांच्या मधल्या जागेत हा माणूस वर्षानुवर्षं घोडीवर उभा आहे.

आता तर फाइव्ह-जी आलं. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात उद्घाटन झालं, टीव्हीवर टाळ्या वाजल्या आणि डीबीसाहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांनी आयुष्यभर बसवलेले बरेचसे स्प्लिटर-कपलर २७०० मेगाहर्ट्झपर्यंतचेच, आणि ही नवी लहर ३३०० च्या पुढची. वर फाइव्ह-जीचा पुरा वेग हवा तर एकाच्या जागी चार केबली ओढा. म्हणून आता लॅपटॉपवाली पोरं येतात. ती मजल्यावर साध्या लॅनच्या वायरने छोटे रेडिओ टांगतात आणि तासाभरात कॉफी पीत बसतात. डीबीसाहेब लांबून बघतात. ‘शंभर मीटरच्या पुढे ती वायर चालत नाही,’ एवढं मात्र ते आवर्जून ऐकवतात.

२०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने इमारतींना मोबाइल-इंटरनेटच्या सोयीनुसार तारे देण्याचे नियम काढले. डीबीसाहेबांनी त्या बातमीचं कात्रण सॅकमध्ये ठेवलंय, डब्याच्याही खाली. तेव्हा ज्यांची इमारत अजून बांधून व्हायची आहे त्यांनी सीलिंग बंद करण्याआधी त्यांना एक फोन करावा आणि शाफ्टमध्ये हातभर जागा ठेवावी. ज्यांची झाली आहे त्यांनी शाफ्टमधली टॅग लावलेली काळी केबल जुन्या टीव्हीची समजून कापू नये. आणि वाटीला कृपा करून रंग लावू नये.