अभिरुचीचे दप्तर

रसिकतेसारख्या चंचल गोष्टीचाही चोख बंदोबस्त करता येतो, हे स्टॉकहोमात जन्मून २०१९ साली भारतात अवतरलेल्या स्पॉटिफायने, आणि तत्पूर्वीच येथे ठाण मांडून बसलेल्या गाना व जिओसावन यांनी ज्या निष्ठेने सिद्ध केले आहे, तिजबद्दल यवतमाळ जिल्ह्याने त्यांचे जाहीर आभार मानावयास हवेत. तिन्हींची तुलना करू जाता बहुधा तेच गाणे त्याच आवाजात मिळते. फरक काय तो मध्येच जाहिरात वाजते की नाही यात आणि वर्गणीच्या दरात. नवसंगीताचा शोधही तितकाच निर्धोक : काल ऐकलेल्या गाण्याचे मावसभाऊ यंत्र आज अदबीने पेश करते, जेणेकरून श्रोत्यावर अनोळखी सुराचा प्रसंग ओढवू नये.

हीच शिस्त जिल्ह्यातील दिग्रस-पुसदकडील तांड्यांनाही लागू व्हावी. तेथे बंजारा मंडळी होळीच्या धगीवर डफाचे कातडे तापवून, फेर धरून, रात्रभर लेंगी ही होळीची गाणी गातात आणि मनात येईल ती ओळ कोणीही पुढे रेटतो. ना नोंद, ना मंजुरी! सबब तजवीज अशी, की तांड्याच्या नायकाने प्रत्येकाचा गतसालचा दाखला पाहून त्याला तीच लेंगी यंदा शिफारसपूर्वक द्यावी, दर तीन लेंगींनंतर डफ थोपवून कपाशीच्या बियाण्याची जाहिरात वाचावी, आणि अखंड फेराचा हक्क फक्त वर्गणीदारास असावा. लेंगी रचणाऱ्यास मोबदला किती, असा अर्ज कोणी केलाच, तर तो ‘तुम्हाला हेही आवडेल’ या सदरात बसत नसल्याकारणाने दप्तरी दाखल करावा.