पायताण पायवळणी पाडण्याचा शास्त्रोक्त विधी

फॅशन ही कला आहे की नाही, हा वाद बूटवाल्यांनी घालावा. त्यांच्या पायांना तेवढी उसंत असते. नव्या कोल्हापुरीच्या धन्याला उत्तर दुसऱ्याच दिवशी अंगठ्याच्या बेचक्यात मिळतं, आणि ते चांगलं टपोरं असतं. प्रस्तुत मार्गदर्शन अशा होतकरूंसाठी आहे.

खरेदी शक्यतो कोल्हापुरातल्या चप्पल लाईनला करावी. दुकानात शिरल्या शिरल्या 'कम्फर्टेबल काय आहे?' असं विचारू नये. दुकानदार सभ्य असतो, हसणार नाही, पण भाव वाढेल. चप्पल हातात घेऊन उलटी करावी, तळ दाबावा आणि काहीतरी समजल्यासारखा हुंकार द्यावा. खरं बघायचं ते एवढंच, की खिळा कुठे दिसता कामा नये. अस्सल पायताण चामड्याच्याच वादीने शिवलेलं असतं, आणि ते चामडं बाभळीची साल नि हिरडा यांच्या पाण्यात मुरलेलं असतं. त्याचा वास पहिले काही दिवस घरच्यांनी सोसायचा असतो. तळ कडक लागला तर आनंद मानावा. फारच मऊ लागला तर आत पुठ्ठा असण्याची शंका घ्यावी.

आता मुख्य विधी. रात्री चपलेला तेल पाजावं. खोबरेल चालतं, एरंडेल उत्तम. पट्ट्याला आतून, कानांना दोन्हीकडून. सकाळी घरातल्या घरात घालून फिरावं. आई 'घरात चपला?' म्हणून ओरडेल. घरच्यांचा विरोध कुठल्या कलावंताला चुकलाय? पहिल्या दिवशी स्वयंपाकघरापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, असा पल्ला वाढवत न्यावा. कोरी चप्पल घालून थेट लग्नाला गेलेला माणूस मंगलाष्टकं संपेस्तोवर अनवाणी झालेला असतो. चालताना चेहऱ्यावर काही उमटू देऊ नये. 'तुला काय, काहीही शोभतं' असं म्हणणारे भेटतील. त्यांच्यादेखत लंगडायचं नाही. सगळं कसब इथेच पणाला लागतं.

करकर हवी असेल तर तसं आधी सांगावं. काही कारागीर दोन तळांमध्ये विंचू नावाच्या वनस्पतीचं बी घालतात, मग पावलागणिक चप्पल बोलते. मैफलीला उशिरा पोहोचायची सवय असलेल्यांनी हा नाद करू नये. तबलजीसुद्धा वळून बघतो.

जून २०२५मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीची सख्खी बहीण शोभेल अशी सँडल पुरुषांच्या पायांत दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडे गहजब झाला, मग कंपनीने मूळ भारतीय हस्तकलेचं असल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकाचे चार. इटलीचा एकही नाही. तरी मिलानला गेली म्हणजे आता ती कला झाली, असं काही मंडळींनी ठरवून टाकलं. मला ते पटत नाही. मंचावर मिरवली ती अर्धीच चप्पल होती. कारागीर अर्धी घडवतो. उरलेली घालणाऱ्याचा पाय घडवतो. टाचेचा खळगा, अंगठ्याचा ठसा, चालीप्रमाणे एका कडेला झिजलेला तळ, हे काही रॅम्पच्या चार फेऱ्यांत होत नाही.

पहिल्या अर्ध्या भागाच्या कर्त्याचं नाव मात्र आपण विचारत नाही. चित्राखाली सही शोधणारा माणूसही चपलेवर दुकानाचा शिक्का बघून खूश होतो. (चामडं कमावणाऱ्याला वेशीबाहेर ठेवायचं आणि त्याने केलेलं पायताण पाटलाच्या वाड्यापर्यंत करकरत न्यायचं, ही आपली जुनी रसिकता.) तेव्हा पैसे देण्याआधी 'केली कुणी?' असं विचारावं. दुकानदार गोंधळेल. गोंधळू द्यावा.

पावसाळ्यात चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. अवचित सर आली तर चपला पिशवीत आणि पाय चिखलात, हाच क्रम ठेवावा.

अंबाबाईच्या दर्शनाला जाताना जुनी स्लिपर घालावी. न ऐकता कोल्हापुरी घालून गेलात आणि परतल्यावर जागा रिकामी दिसली, तर आरडाओरडा करू नका. तुमच्या अंगठ्याचा ठसा घेऊन निघालेल्या त्या गृहस्थाला ती आठवडाभर चावणार आहे.