यंदा कर्तव्य आहे!

पुरुषाचं पोट सुटलं तर ते सुखाचं, टक्कल पडलं तर ते हुशारीचं. गालावर वांगाचे डाग आले की मात्र त्याला कुणी वाली नाही. माझ्या दोन्ही गालांवर आणि नाकावर तपकिरी पट्टा उमटला, तेव्हा पोवई नाक्यावरच्या चहावाल्यानेही सुनावलं, "साहेब, हे तर बायकांना होतं." जणू मी त्यांच्या रांगेत घुसलो होतो.

सासूबाई सांगलीच्या. तिथे पेठच हळदीची, त्यामुळे सर्दीपासून लग्नापर्यंत औषध एकच. "जावईबापू, लाजू नका," म्हणत त्यांनी पिशवीभर धाडली. रात्री गुपचूप लेप थापला. सकाळी साबण झिजला, पण पिवळेपणा हटेना. ऑफिसात शिपायाने आदबीने विचारलं, "साहेब, यंदा कर्तव्य आहे का?" माझ्या मुलीचं लग्न होऊन दिवाळसणही पार पडला होता.

पिवळं घालवायला लिंबाची फोड सालासकट घासली आणि तसाच अजिंक्यताऱ्यावर फिरायला गेलो. लिंबाच्या सालीत अशी द्रव्यं असतात की ती अंगाला लागून ऊन पडलं तर कातडी पोळते आणि मग काळी पडते. माझ्या बाबतीत दोन्ही क्रमाने झालं. मूळचे डाग कुठले, हे मग मलाच ओळखू येईना.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार केला, जांभळट दिवा तोंडावर धरला आणि उलटतपासणी घेतली. उन्हात किती हिंडता? घराण्यात कुणाला? मित्राने दिलेली गोरं करणारी ट्यूब? (त्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं.) मिशीला कलप? मिशी जन्मजात काळी असल्याचं मी बाणेदारपणे सांगितलं. दिवा मिशीपाशी आला आणि बराच वेळ तिथेच थांबला. "कलपानेही चेहरा काळवंडतो बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

वांगात पुरुष एकटा नसतो, हेही तिथेच कळलं. २०१० साली छापून आलेल्या एका भारतीय अभ्यासात वांगाच्या २०० रुग्णांपैकी ४१ पुरुष होते. त्यांच्यात ऊन हे कारण सर्वांत वरचं, त्याखालोखाल घराणं. माझ्या वडिलांचे गालही असेच होते. पण ते शेतात राबायचे, म्हणून कुणी ब्र काढला नाही. मी आयुष्यभर सावलीत फायली सरकवल्या. ऊन खाल्लं ते फक्त दुचाकीवर आणि क्रिकेटचे सामने बघताना.

डागांवर उजेडाचाही परिणाम होतो, म्हणून बाईंनी लोह ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लिहून दिलं. दुकानात गर्दी ओसरेपर्यंत मी खोकल्याच्या गोळ्या न्याहाळत उभा राहिलो.

"वहिनींसाठी ना?" दुकानदाराने चिठ्ठी न वाचताच विचारलं. "यात छटा असतात. वर्ण कसा आहे त्यांचा?"

"साधारण माझ्यासारखाच," मी पुटपुटलो.

त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि मला नीट निरखलं.

"डाग धरून, की वगळून?"