पासवर्ड : नेहमीचाच

आमचे जुने डीबीए नोकरी सोडून गेले तेव्हा त्यांनी हँडओव्हरची फाइल अगदी मन लावून लिहिली होती. सर्व्हर कुठे, बॅकअप किती वाजता, एसीचा रिमोट कोणाच्या ड्रॉवरमध्ये. फक्त डेटाबेसच्या मुख्य खात्यासमोर, म्हणजे रूटसमोर, लिहिलं होतं : 'पासवर्ड – नेहमीचाच.' फोन केला तर म्हणाले, "अहो, नेहमीचा म्हणजे आपला तो नेहमीचा!" आणि ट्रॅफिकमध्ये गडप झाले.

या बाबतीत माणूसजात मुळातच आळशी. ओरॅकल या डेटाबेसमध्ये सिस नावाच्या सर्वाधिकारी खात्याचा तयार पासवर्ड एकेकाळी 'चेंज ऑन इन्स्टॉल' असायचा. सूचना हाच पासवर्ड, तरी लोक तो बदलत नसत! तिथलंच नमुन्याचं खातं 'स्कॉट', पासवर्ड 'टायगर'. सुरुवातीच्या काळातले प्रोग्रॅमर ब्रूस स्कॉट यांच्या घरच्या मांजराचं ते नाव, आणि ते जगभरच्या इंजिनिअरांना पाठ.

आमचा डेटाबेस मायएसक्यूएल. त्याच्या मॅन्युअलमधला एक उपाय वाचून कुलपांवरचा विश्वासच उडतो : सर्व्हर बंद करा आणि 'स्किप ग्रँट टेबल्स' असं सांगून पुन्हा चालू करा. मग तो कोणाला काहीच विचारत नाही. लग्नाच्या पंगतीत मुलाकडचे की मुलीकडचे हे कोण विचारतं? जो येईल तो मालक. आठव्या आवृत्तीपासून अशा वेळी नेटवर्कचा रस्ता आपोआप बंद होतो, एवढाच काय तो सोवळेपणा.

आत शिरून ऐटीत 'आल्टर यूझर' टाइप केलं. उत्तर आलं : सर्व्हर 'स्किप ग्रँट टेबल्स'वर चालू आहे, सबब ही आज्ञा पाळता येत नाही. म्हणजे अख्खा डेटाबेस पुसायला परवानगी, पासवर्ड बदलायला नाही! आधी 'फ्लश प्रिव्हिलेजेस' म्हणून कोण कोणाचं याची त्याला आठवण करून द्यायची, मगच तो ऐकतो.

एव्हाना साहेब पाठीमागे येऊन उभे होते. त्यांनी चिरंजीवांचं नाव आणि जन्मसाल सुचवलं. म्हटलं, कंपनीच्या धोरणानुसार एक विशेष चिन्ह लागतं. "मग मधे एक अवतरणचिन्ह टाका, कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही!" पासवर्ड मुळात अवतरणचिन्हांतच लिहायचा असतो. मधेच तिसरं आल्यावर वाक्य संपलंय हे सर्व्हरला पटेना. एंटर दाबलं की नवी ओळ पुढे करून तो गप्प. पुन्हा एंटर, पुन्हा गप्प.

"हँग झालं वाटतं," साहेब म्हणाले.

हँग कसलं, तो ऐकत होता. ऑफिसात इतकं शांतपणे कोणी कोणाचं ऐकत नाही, म्हणून चटकन ओळखू येत नाही.

अखेर साहेबांचं चिन्ह वगळलं, शेवटी अर्धविराम दिला. स्क्रीनवर उमटलं : 'क्वेरी ओके, झीरो रोज अफेक्टेड.'

"शून्य? म्हणजे बदललाच नाही?"

"बदलला. तो असंच म्हणतो."

सर्व्हर पुन्हा रीतसर चालू केला आणि पाच मिनिटांत पगाराचा रिपोर्ट अडला, हजेरी अडली, स्टॉकची यादी अडली. स्क्रिप्टमागून स्क्रिप्टमध्ये रूटचाच जुना पासवर्ड साध्या अक्षरांत लिहून ठेवलेला निघाला. आम्ही सोडून सगळ्यांना तो माहीत होता. अकाउंट्सच्या मॅडमचा फोन साहेबांनीच उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

साहेबांनी चष्मा सावरून स्क्रीनकडे पाहिलं. "नाही हो मॅडम, तुमच्याकडेच काहीतरी असेल. आमच्याकडे झीरो अफेक्टेड दाखवतंय."