नकाशेकाका

आमच्या सोसायटीत एका गृहस्थांचं खरं आडनाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. बाकी सगळ्यांसाठी ते नकाशेकाका. फोर्टातल्या एका बँकेत ३२ वर्षं खतावण्या जुळवून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून काकूंना घेऊन भूमध्य समुद्रात क्रूझवर जाऊ लागले.

बोट बंदराला लागली की बोटवाल्यांची सहल घ्यायची, हे काकांच्या दृष्टीने सपशेल शरणागती. "छत्रीमागून चालायला काय, आपण बदकं आहोत?" बंदर स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या नकाशाने बघायचं. त्यासाठी सहा महिने आधी प्रत्येक बंदराची वेगळी फाईल उघडते.

काकांची पद्धत उलटी असते. सुरुवात परतीपासून. बोट ६ला सुटणार, म्हणजे ५:३०ला सगळे आत. काकूंचे गुडघे वजा २० मिनिटं, स्वच्छतागृह वजा १०, 'अवांतर' वजा ४५. अशी वजाबाकी करत करत शेवटी शहराला जे उरेल ते. रोमला उरलं साधारण एका ब्रेड-ऑम्लेटएवढं. कारण रोमचं बंदर म्हणतात ते चिविटावेक्किया, आणि तिथून रोम आगगाडीने तासाभरावर!

ही तयारी एवढी पक्की, की शहरात उतरेपर्यंत ते काकांचं बघून झालेलं असतं. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर रात्री बोटाने फिरून येतात. डुब्रॉवनिकला बोट ग्रुझच्या धक्क्याला लागते, जुनं गाव तिथून सुमारे ३ किलोमीटर. ही वाट काकांना घरच्या जिन्यासारखी पाठ. "आता डावीकडे एक निळं दार लागेल," ते म्हणाले. दार लागलं, पण पिवळं. कोणीतरी मधल्या काळात रंग दिला होता. काका त्या दारासमोर असे उभे राहिले, की जणू त्यांना न विचारता दिला!

गावाभोवतीची ती १९४० मीटरची तटबंदी त्यांनी पुरी केली, पण घड्याळाकडे बघत. खाली एवढा निळा समुद्र पसरलेला. काकू म्हणाल्या, "अहो, बघा तरी." काका म्हणाले, "४ मिनिटं मागे आहोत."

माल्टात मात्र गंमत झाली. व्हॅलेटाच्या धक्क्यावरून वर गावात न्यायला ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे. तिचा शोध लावल्याचा आनंद काकांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. वर बाग, बागेखाली दुपारी १२ला तोफ, तोफ ऐकून सेंट जॉनचं कॅथीड्रल, आत काराव्हाज्जोचं १६०८ सालचं चित्र. सगळं मिनिटागणिक आखलेलं. तोफ वेळेवर उडाली. कॅथीड्रलचं दार बंद. काकांनी मिनिटं मोजली होती, वार बघायचा राहिला. रविवारी तिथे पर्यटकांना प्रवेश नसतो. काकूंचं माहेर सदाशिव पेठेतलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे रोज १ ते ४ असतं. त्यात काय एवढं?" आणि समोरच्या कॉफीवाल्याकडे जाऊन बसल्या.

काकांचा सर्वांत आवडता देखावा मात्र कोणत्याच फाईलमध्ये नाही. ते दोन तास आधीच बोटीवर परततात, वरच्या डेकवर चहा घेऊन कठड्याशी उभे राहतात आणि शेवटच्या क्षणी पिशव्या सांभाळत धक्क्यावरून धावत येणारे प्रवासी बघतात. "बघ, बघ, अवांतर धरलं नव्हतं!" एवढं निर्भेळ सुख त्यांच्या चेहऱ्यावर नातवाच्या बारशालाही दिसलं नव्हतं.

माँटेनेग्रोतल्या कोटॉरला गावामागच्या डोंगरावर किल्ला आहे. पायऱ्या १३५०. काकू पायथ्याशीच तिथल्या मांजरांत रमल्या. काका चढले, धापा टाकत उतरले आणि तेव्हापासून सोसायटीच्या प्रत्येक सभेत, विषय पाण्याच्या टाकीचा असला तरी, त्या १३५० पायऱ्या येतात.

गेल्या हिवाळ्यात मुंबईहून गोव्याची बोट घ्यायची म्हणून काका पूर्वपाहणीला बॅलार्ड पिअरला गेले, सोबत मला घेऊन. टॅक्सीतून उतरतो तोच समोर एक गोरी आजी. तिची बोट सकाळीच लागली होती. हातात स्वतः काढलेला नकाशा, शेजारी मिनिटं लिहिलेली. काकांचीच जात! तिने विचारलं, "टाउन हॉल, १८३३, इकडूनच ना? आणि त्याला पायऱ्या किती? माझे गुडघे दुखतात."

३२ वर्षं काका त्या पायऱ्यांसमोरून बँकेत जात होते. ते आधी माझ्याकडे बघू लागले, मग आकाशाकडे. शेवटी म्हणाले, "मॅडम, कोटॉरला १३५० आहेत."

येताना मी मुद्दाम वाट वाकडी करून मोजून आलो. ३० आहेत.